धातू तापवला की मऊ का होतो? हे भिंगाखाली पाहणारे हेन्री सॉर्बी

गोळी सुटली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. परदेशात अनेक हौशी नेमबाज त्याच पुंगळीत पुन्हा दारू भरतात. पण दर खेपेला फुगून आणि साच्यात दाबली जाऊन पुंगळीची मान कडक होत जाते, शेवटी तडकते. म्हणून काही जण ती मान वितळलेल्या नायट्रेट क्षारांत काही सेकंद बुडवतात. मान पुन्हा मऊ होते. यालाच ॲनिलिंग म्हणतात.

ठोकलेला धातू तापवला की मऊ होतो, हे आपल्या तांबटांनाही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण तेव्हा धातूच्या आत काय घडतं? त्याचा उलगडा इंग्लंडच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांच्या कामातून झाला.

सॉर्बी यांचा जन्म 1826 मध्ये शेफील्डजवळ झाला. घराण्याचा पोलादी हत्यारांचा धंदा होता. 1847 मध्ये वडील गेले. वारशाचा पैसा हाती आल्यावर त्यांनी धंद्याऐवजी संशोधन निवडलं. नोकरी केली नाही, लग्नही केलं नाही.

आधी त्यांनी दगडाचे आरपार दिसतील इतके पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. डोंगर भिंगातून बघतोय म्हणून लोक हसले. 1863 मध्ये ते पोलादाकडे वळले. तुकडा आरशासारखा घासायचा, सौम्य आम्लाचा हात फिरवायचा, मग पाहायचं. एकसंध वाटणारा धातू बारीक स्फटिककणांचा निघाला. 1864 मध्ये त्यांनी बाथ इथल्या विज्ञान परिषदेत त्याची छायाचित्रं मांडली, पण पुढची वीसेक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

1880 च्या दशकात ते पुन्हा या कामाला लागले. ठोकलेल्या लोखंडात कण लांबट झालेले असतात आणि तापवल्यावर त्यांच्या जागी नवे, सुबक कण तयार होतात, हे त्यांनी दाखवलं. 1908 मध्ये ते वारले, तोवर त्यांची पद्धत धातुशास्त्राचा पाया बनली होती. पोलादाच्या एका रचनेला ‘सॉर्बाइट’ हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.

पुंगळीच्या पितळेतही हेच घडतं. मान हवी तेवढीच तापली, तर ताणलेल्या कणांच्या जागी नवे कण येतात आणि तडे टळतात. जास्त तापली, तर कण मोठे होतात आणि मान इतकी मऊ पडते की गोळी घट्ट धरता येत नाही. बूड तर तापूच द्यायचं नाही, कारण स्फोटाचा दाब झेलायला ते कडकच लागतं.