हॅटी मॅक्डॅनिएल

अमेरिकेंत दरवर्षीं शरदृतु लागला, कीं सिनेसृष्टींतील जाणत्या मंडळींस एका निराळ्याच गणिताचा छंद लागतो. येत्या वर्षीं ‘ऑस्कर’ नांवाचें मानचिन्ह कोणाच्या हातीं पडणार, कोणत्या बोलपटाची बाजू भक्कम आणि कोणाची लंगडी, यांचे अंदाज समारंभाच्या कित्येक महिने अगोदर छापून येऊं लागतात. आणि आपल्याकडे मृगापूर्वीं वर्तविलेले पर्जन्याचे अंदाज जसे खरेखोटे ठरतात, तसेच तेहि ठरतात. परंतु एके वर्षीं असें झालें, कीं अंदाज राहिले बाजूलाच, खुद्द निकालच समारंभापूर्वीं रस्त्यावर विकला गेला. ती रात्र २९ फेब्रुवारी १९४० ची. त्या काळीं विजयी मंडळींची यादी वृत्तपत्रांस आगाऊ देण्याची वहिवाट होती; रात्रीं अकरापर्यंत ती गुप्त राखावी, एवढीच बोली असे. ‘लॉस एंजल्स टाइम्स’ पत्रानें ती बोली मोडून संध्याकाळच्या अंकांतच यादी छापली, आणि अंबॅसडर हॉटेलांत पाहुणे मंडळी शिरली, ती निकाल ठाऊक करून घेऊनच. पुढील वर्षापासून मोहोरबंद लिफाफ्याची चाल पडली, ती अद्यापि चालू आहे. त्या फुटलेल्या यादींत एक नांव एका कृष्णवर्णीय नटीचें होतें. तशा वर्णाच्या कोणाहि व्यक्तीचें नांव त्यापूर्वीं अशा यादींत आलेलें नव्हतें. तिचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

हॅटी मॅक्डॅनिएल हिचा जन्म कॅन्सस संस्थानांतील विचिटा गांवीं १० जून १८९३ रोजीं झाला. तेरा मुलांतील हें शेंडेफळ. तिचे मातापिता दोघेहि जन्मानें गुलाम. बाप हेन्री हा यादवी युद्धांत उत्तरेच्या सैन्यांत लढला, जखमी झाला आणि युद्ध संपल्यावर आपल्या हक्काच्या निवृत्तिवेतनासाठीं सरकारदरबारीं वर्षानुवर्षें अर्ज करीत राहिला. जोतीराव फुले यांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ सालीं अमेरिकेंतील ज्या लोकांस अर्पण केला, त्यांनीं ज्यांच्या मुक्ततेसाठीं एवढा झगडा मांडला, त्यांतलाच हा एक. कायद्यानें बेडी तुटली. दारिद्र्य मात्र तुटलें नाहीं. आई सुसान लोकांच्या घरीं कामें करी आणि प्रार्थनामंदिरांत गाई. पुढें हें कुटुंब कोलोरॅडो संस्थानांतील डेन्व्हर शहरीं येऊन राहिलें.

डेन्व्हरच्या शाळेंत गोऱ्या मुलांच्या बरोबरीनें बसून शिकण्याची संधि हॅटीस मिळाली. पाठांतर आणि गायन यांत तिचा हात धरणारें कोणी नव्हतें. १९१० सालीं मद्यपाननिषेधाचा प्रचार करणाऱ्या स्त्रियांच्या मंडळानें घेतलेल्या काव्यपठणाच्या स्पर्धेंत तिला सुवर्णपदक मिळालें. त्यानंतर लवकरच तिनें शाळेस रामराम ठोकला आणि भाऊ ओटिस याच्या फिरत्या नाटकमंडळींत ती सामील झाली. शिक्षण अपुरें टाकण्याचा हा तिचा निर्णय आमच्या विद्यार्थिवाचकांनीं गिरविण्याजोगा नव्हे. परंतु ज्या घरांत तेरांपैकीं बरींच मुलें बालपणींच दगावलीं, त्या घरांतील मुलीस निवडीला वाव तो कितीसा असणार!

पुढील वीस वर्षें भ्रमणांत गेलीं. ती गाणीं रची, गाई, लोकांस हंसवी. डेन्व्हरच्या नभोवाणीवरहि गायिली, आणि तिच्या गाण्यांच्या तबकड्याहि निघाल्या. १९२९ सालीं न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराचें दिवाळें वाजलें, तमाशाच्या कंपन्या मोडल्या, आणि हॅटी मिल्वॉकी शहरीं उघड्यावर पडली. तेथील एका उपाहारगृहांत स्त्रियांच्या प्रसाधनगृहांतील सेविकेची जागा तिला मिळाली. तें काम तिनें निमूटपणें केलें. एके रात्रीं गायक निघून गेले आणि मालकास कोणीतरी गाणारें हवें झालें. हॅटी पुढें झाली. त्या रात्रीनंतर टॉवेल हातीं धरण्याचें काम सुटलें व गाण्याचें सुरू झालें.

१९३१ सालीं ती लॉस एंजल्स येथें आली. भाऊ सॅम आणि बहीण एट्टा तेथें अगोदरच होतीं. नभोवाणीवर तिचें नांव झालें, तरी वेतन इतकें तुटपुंजें, कीं एकीकडे श्रोते तिची वाट पहात आणि दुसरीकडे ती लोकांच्या घरचीं लुगडीलत्तीं धूत असे. बोलपटांतहि तिच्या वांट्यास कामें आलीं तीं मोलकरणीचींच. १९३४ च्या ‘जज प्रीस्ट’मध्यें ती लोकांच्या डोळ्यांत भरली, ‘ॲलिस ॲडम्स’ आणि ‘शो बोट’ यांनीं तिचा लौकिक वाढविला. तिची मोलकरीण मान खालीं घालणारी नसे. धनिणीस डोळे वटारून पाहणारी, मनांतलें तोंडावर बोलून दाखविणारी अशी ती असे, आणि दक्षिणेकडील कित्येक गोऱ्या प्रेक्षकांस हें खटके.

मार्गारेट मिचेल या लेखिकेच्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीचा बोलपट काढण्याचें निर्माता डेव्हिड सेल्झनिक यानें ठरविलें, तेव्हां ‘मॅमी’ या वृद्ध दासीच्या भूमिकेसाठीं पुष्कळ नटींनीं खटपट केली. चांचणीसाठीं हॅटी मोलकरणीच्या पोशाखांतच गेली, असें सांगतात. भूमिका तिला मिळाली. हा बोलपट कलाकुसरीनें कितीहि संपन्न असला, तरी गुलामगिरीच्या दिवसांवर तो जो गोडवा पसरवितो, तो खोटा आहे, हें येथें स्पष्ट म्हटलेंच पाहिजे. चित्रीकरणापूर्वींच कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनीं व संस्थांनीं निषेध केला, आणि त्यामुळें संवादांतील एक अत्यंत हीन शब्द निर्मात्यास गाळावा लागला.

१५ डिसेंबर १९३९ रोजीं अटलांटा शहरीं पहिला खेळ झाला. मोठा उत्सव, मिरवणुका, दिव्यांची रोषणाई. पण ज्या जॉर्जिया संस्थानांत हें सारें चाललें होतें, तेथील कायद्यानें गोऱ्यांच्या शेजारीं काळ्या माणसास बसतां येत नसे. हॅटी त्या खेळास गेली नाहीं. दक्षिणेकडे वांटावयाच्या कार्यक्रमपत्रिकेवरून तिचें छायाचित्रहि काढून टाकण्यांत आलें. नायक क्लार्क गेबल हा या अन्यायामुळें स्वतःहि न जाण्याच्या विचारांत होता, आणि हॅटीनेंच त्याची समजूत घातली, असें म्हणतात.

परंतु खेळ सुरू झाले आणि चर्चा निराळीच सुरू झाली. सिनेमाच्या स्तंभलेखकांत हॅटीचें नांव पारितोषिकासाठीं घेतलें जाऊं लागलें. पारितोषिक देणारी अकॅडमी १९२७ सालीं स्थापन झालेली. साहाय्यक भूमिकांचें पारितोषिक तर १९३६ च्या बोलपटांपासूनच सुरू झालेलें. त्या वर्षीं या जागेसाठीं पांच नांवें पुढें आलीं. त्यांत त्याच बोलपटांतील ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड होती. शिवाय जेराल्डिन फिट्झजेराल्ड, एड्ना मे ऑलिव्हर आणि मारिया उस्पेन्स्काया होत्या. चौघी गोऱ्या. मतें देणारेहि बहुतांशीं गोरे. अशा स्थितींत हॅटीवर पैज लावणें धाडसाचेंच होतें.

अंबॅसडर हॉटेलांत कृष्णवर्णीयांस पाहुणे म्हणून प्रवेश नसे. सेल्झनिक यानें भीड खर्च करून हॅटीपुरती सवलत मिळविली. सहकाऱ्यांच्या पंगतींत मात्र तिला स्थान मिळालें नाहीं. भिंतीलगत एका लहानशा टेबलापाशीं तिला, तिच्या सोबत्याला आणि तिच्या आडत्याला बसविण्यांत आलें. केसांत पांढरीं गार्डेनियाचीं फुलें माळून ती तेथें बसली. फे बेन्टर या नटीनें नांव पुकारलें, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या भिंतीपासून व्यासपीठापर्यंतचें अंतर हॅटीनें चालून काटलें. आपण आपल्या वंशास व सिनेमाच्या धंद्यास भूषणभूत व्हावें, अशा आशयाचे चार शब्द ती बोलली आणि डोळे पुशीत परतली. डी हॅव्हिलंड त्या रात्रीं हॉटेलाच्या स्वयंपाकघरांत जाऊन रडली, हें तिनेंच पुढें सांगितलें. साहाय्यक भूमिकांस तेव्हां सुवर्णपुतळा देत नसत, एक लहान पट्टिका देत; हॅटीस ती मिळाली. बोलपटास एकंदर दहा बक्षिसें मिळालीं.

यानंतर तिला थोर भूमिका मिळाल्या असतील, असें वाचकांस वाटेल. मिळाल्या नाहींत. तीच मोलकरीण, तोच झाडू. शिवाय आतां टीका घरांतून येऊं लागली. कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट हे १९४२ सालीं हॉलिवूडच्या मालकांस भेटले आणि ह्या दासदासींच्या भूमिका बंद करा, असा त्यांनीं आग्रह धरला. हॅटीस तो आपल्या अन्नावरचा घाला वाटला. आपण ज्या घरांत खरोखर भांडीं घासलीं, तेथील वेतनाच्या शंभरपट वेतन तीं घासण्याचें सोंग करण्यास मिळतें, मग त्यांत लाज कसली, असा तिचा युक्तिवाद असे. व्हाइट यांचें तत्त्व खरें होतें, यांत शंका नाहीं. पण तत्त्वाचें मोल द्यावयाचें कोणी, हा हॅटीचा प्रश्नहि खोटा नव्हता. आणि व्हाइट यांनीं हॉलिवूडमधील या नटनटींशीं अगोदर बसून बोलावयास हवें होतें, असें आम्हांस वाटतें.

तिनें आपल्या वंशासाठीं कांहींच केलें नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं मात्र १९४५ चा खटला पाहावा. लॉस एंजल्समधील ‘शुगर हिल’ नांवाच्या वस्तींत तिनें मोठें घर घेतलें होतें. तेथील जमिनींच्या जुन्या करारांत, गोऱ्यांखेरीज कोणास घर विकूं नये, अशी अट होती. तिच्या आधारें गोऱ्या शेजाऱ्यांनीं फिर्याद केली. हॅटी व तिच्या शेजारच्या कृष्णवर्णीय कुटुंबांनीं एकजुटीनें ती लढविली. न्यायाधीश थर्मंड क्लार्क हे जातीनें ती वस्ती पाहून आले आणि घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार देऊन त्यांनीं फिर्याद काढून टाकली. असल्या अटी न्यायालयांनीं अंमलांत आणूं नयेत, हा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्यानंतर तीन वर्षांनीं, १९४८ सालीं, आला. (पुढें १९६० नंतरच्या वर्षांत सरकारनें त्याच वस्तींतून हमरस्ता काढला आणि कित्येक घरें जमीनदोस्त झालीं, ही गोष्ट वेगळी.)

१९४७ पासून नभोवाणीवर ‘ब्यूला’ या मालिकेची ती नायिका झाली. भूमिका पुन्हां मोलकरणीचीच. परंतु तोंपर्यंत त्या काळ्या स्त्रीचा आवाज एक गोरा पुरुष काढीत असे! हॅटीनें अशुद्ध बोली बोलण्यास नकार दिला. अमेरिकेंतील नभोवाणीवर स्वतःच्या मालिकेची नायिका झालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय. त्यानंतर थोड्याच वर्षांत स्तनाच्या कर्करोगानें तिला गांठलें, आणि सिनेव्यवसायींसाठीं चालविलेल्या रुग्णालयांत २६ ऑक्टोबर १९५२ रोजीं ती मरण पावली.

हॉलिवूडच्या स्मशानभूमींत विश्रांति मिळावी, अशी तिची इच्छा होती. त्या भूमीच्या मालकानें वर्णाच्या कारणावरून ती नाकारली, आणि दुसऱ्या एका स्मशानभूमींत तिला पुरण्यांत आलें. १९९९ सालीं त्याच हॉलिवूडच्या स्मशानभूमींत नव्या मालकानें तिचें स्मारक उभारलें. अभिनयाचें ऑस्कर दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीस, हूपी गोल्डबर्ग हिला, मिळेपर्यंत १९९१ साल उजाडलें.

ती पट्टिका हॅटीनें वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठास ठेवली होती. तेथून ती केव्हां व कशी नाहींशी झाली, याविषयीं नाना तर्क आहेत. कोल्हापूरच्या भानु अथय्या, ज्यांस १९८३ सालीं ‘गांधी’ बोलपटाच्या वेषभूषेबद्दल भारतीयांतील पहिलें ऑस्कर मिळालें, त्यांनीं तें २०१२ सालीं सुरक्षिततेसाठीं अकॅडमीकडे परत सोंपविलें. ही सावधगिरी अनाठायीं नव्हती. हॅटीच्या पट्टिकेची प्रतिकृति करून अकॅडमीनें ती ऑक्टोबर २०२३ मध्यें हॉवर्ड विद्यापीठास समारंभपूर्वक दिली. मूळ पट्टिका मात्र सांपडलेली नाहीं.