रेचल कार्सन : सरोवरातील विषाचा माग

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल येथे २७ मे १९०७ रोजी रेचल कार्सन यांचा जन्म झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ मध्ये प्राणिशास्त्रात एम. ए. झाल्यानंतर त्या सरकारच्या मत्स्य विभागात रुजू झाल्या. 'द सी अराउंड अस' हे त्यांचे पुस्तक १९५१ मध्ये गाजले आणि पुढील वर्षी नोकरी सोडून त्यांनी लेखनास वाहून घेतले.

मात्र त्यांची खरी ओळख १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथाने झाली. त्यातील क्लिअर लेकचे प्रकरण आजही अभ्यासले जाते. कॅलिफोर्नियातील या सरोवरावर चिलटांचा उपद्रव असे. त्यांच्या बंदोबस्तासाठी १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये पाण्यात डीडीटीच्या कुळातील डीडीडी हे कीटकनाशक मिसळण्यात आले. प्रमाण प्रारंभी सात कोटी भाग पाण्यास एक भाग आणि नंतर पाच कोटी भागांस एक भाग, म्हणजे नगण्यच. तरीही सरोवरावरील ग्रीब हे पाणपक्षी मरू लागले. कोणताही संसर्गजन्य रोग आढळला नाही. अखेर त्यांची चरबी तपासली असता दर दहा लाख भागांत १६०० भाग डीडीडी सापडले. प्लवकांत ते सुमारे ५ भाग, तर वनस्पतिभक्षक माशांत ४० ते ३०० भाग होते. चरबीत विरघळणारे आणि सहजी विघटन न होणारे हे द्रव्य अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर साठत गेले होते. हा शोध कार्सन यांचा नव्हे, तो स्थानिक तपासनिसांचा. परंतु विखुरलेल्या अशा अहवालांचा अर्थ सामान्य वाचकांपुढे मांडण्याचे श्रेय निःसंशय त्यांचे.

ग्रंथाचे काम सुरू असतानाच त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. ग्रंथात रसायने आणि कर्करोग यांविषयीही विवेचन असल्याने, आपल्या निःपक्षपातीपणावर विरोधकांना बोट ठेवता येऊ नये म्हणून त्यांनी हा आजार जाहीर होऊ दिला नाही. रसायन उद्योगाने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. वस्तुतः सर्वच कीटकनाशकांवर बंदी घालावी, अशी त्यांची मागणी कधीच नव्हती. प्रकृती खालावलेली असतानाही जून १९६३ मध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

अमेरिकेत डीडीटीच्या बहुतेक वापरांवर १९७२ मध्ये बंदी आली. २००१ च्या स्टॉकहोम करारात सजीवांच्या शरीरात साठण्याची क्षमता हा रसायनांच्या छाननीचा एक निकष ठरला : जलचरांच्या शरीरातील प्रमाण पाण्यातील प्रमाणाच्या ५००० पटींहून अधिक असल्यास ते रसायन या निकषात बसते. भारताने या करारास २००६ मध्ये मान्यता दिली. रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरती डीडीटीला मात्र करारात सवलत ठेवण्यात आली.