विश्लेषण : छोट्या पिकअपपर्यंत पोहोचलेले इंजिन घडवणारे रुडॉल्फ डिझेल कोण होते? त्यांचा मृत्यू गूढ का ठरला?

छोटा मालवाहू पिकअप घ्यायचा ठरले की पहिला प्रश्न इंजिनाचा येतो. डिझेल घ्यावे, पेट्रोल की सीएनजी? मार्केट यार्डात भाजी पोहोचवणाऱ्या, सिमेंटची पोती किंवा पाण्याचे जार वाहणाऱ्या चालक-मालकांचे उत्तर अनेक वर्षे ठरलेले होते : डिझेल. पेट्रोल पंपावर रोज उच्चारला जाणारा हा शब्द मुळात एका जर्मन अभियंत्याचे आडनाव आहे. लहान कारागिराला स्वस्तात ताकद मिळावी, ही त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात त्यांचे इंजिन आधी कारखान्यांत आणि जहाजांवर गेले. छोट्या गाडीत ते बसले तेव्हा ते हयात नव्हते. असे का झाले?

रुडॉल्फ डिझेल यांचे बालपण कसे गेले?

रुडॉल्फ यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातून आलेले. वडील पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तूंचे काम करत. घरची स्थिती बेताचीच होती. तयार माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोहोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्ग येथे नातेवाइकांकडे धाडण्यात आले. ज्यांच्या घरी तो राहिला, ते गणिताचे शिक्षक होते. तिथेच अभियंता होण्याचा निश्चय पक्का झाला.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी म्युनिकच्या तंत्रविद्यालयात प्रवेश घेतला. शीतकरण यंत्रांचे जनक मानले जाणारे कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे प्राध्यापक. १८७९ मध्ये विषमज्वरामुळे त्यांची अंतिम परीक्षा हुकली. ती त्यांनी जानेवारी १८८० मध्ये दिली आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. त्यानंतर लिंडे यांच्याच बर्फ तयार करण्याच्या व्यवसायात ते पॅरिसमध्ये रुजू झाले.

नव्या इंजिनाची गरज त्यांना का वाटली?

त्या काळी कारखान्यांचा सारा भार वाफेच्या इंजिनांवर होता. लिंडे यांच्या वर्गात एक हिशेब त्यांच्या मनात रुतून बसला. जाळलेल्या कोळशातील जेमतेम दहा टक्के किंवा त्याहूनही कमी ऊर्जा कामी येत होती. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि थंड होणाऱ्या वाफेतून वाया जात होती. शिवाय बॉयलर, भट्टी आणि कोळशाचा साठा बड्या कारखानदारालाच परवडे. विणकर, सुतार, लोहार यांना ते शक्य नव्हते. यंत्र लहान, स्वस्त आणि काटकसरी असेल तर हे कारागीर मोठ्या गिरण्यांपुढे टिकतील, असे डिझेल यांना वाटत होते. समाजातील विषमतेवर त्यांनी १९०३ मध्ये ‘सॉलिडॅरिझमुस’ हे पुस्तकही लिहिले.

त्यांचे इंजिन वेगळे कसे ठरले?

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे नळकांडे तापते, हे सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की ती गरम होते. डिझेल इंजिनाचे सारे रहस्य यात आहे. पेट्रोल इंजिनात सहसा हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते. डिझेल इंजिनात आधी फक्त हवाच दाबली जाते. ती इतकी तापते की शेवटच्या क्षणी आत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. ठिणगीची गरजच उरत नाही.

मिश्रण फार दाबले तर ते वेळेआधी पेटते, त्यामुळे पेट्रोल इंजिनात दाबाला मर्यादा येते. नुसती हवा मात्र बरीच जास्त दाबता येते. दाब जितका जास्त, तितके त्याच इंधनातून अधिक काम निघते. या कल्पनेचे पेटंट डिझेल यांना १८९३ मध्ये मिळाले. ऑग्सबर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप ही पोलाद कंपनी पाठीशी उभी राहिली.

कागदावर आखलेला दाब मात्र प्रत्यक्षात पेलणे शक्य नव्हते. १८९३ मध्ये पहिल्याच चाचण्यांत स्फोट होऊन दाब मोजणारे उपकरण फुटले. पुढची चार वर्षे दुरुस्त्यांत गेली. अखेर फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांच्या देखरेखीखाली अधिकृत चाचणी झाली. सुमारे तीन मीटर उंचीच्या त्या इंजिनाने इंधनातील २६.२ टक्के ऊर्जा कामाला लावली. वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत ही झेप प्रचंड होती.

यश मिळूनही ते अडचणीत का आले?

चाचणीनंतर परवान्यांसाठी रीघ लागली. अमेरिकेतील मद्य उद्योजक अडॉल्फस बुश यांनी अमेरिकेचे हक्क विकत घेतले. डिझेल लक्षाधीश झाले आणि म्युनिकमध्ये त्यांनी आलिशान बंगला बांधला. पण प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या हाताखाली चालणारे यंत्र गिऱ्हाइकाकडे गेल्यावर बिघडू लागले. तक्रारी वाढल्या, पेटंटवर आक्षेप घेतले गेले. त्यांची प्रकृती ढासळली आणि काही काळ त्यांना आरोग्यधामात राहावे लागले. त्यातच जमिनींचे व्यवहार आणि तेलक्षेत्रातील गुंतवणूक अंगाशी आली.

इंजिनाचा प्रसार मात्र थांबला नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. याच प्रदर्शनात ओट्टो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले. वनस्पती तेले पुढेमागे इंधन म्हणून महत्त्वाची ठरतील, असे मत डिझेल यांनी नंतर मांडले. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारे डॅनिश जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघाले. आता कोळसा भरण्यासाठी जागोजागी थांबण्याची गरज नव्हती.

गाडीत हे इंजिन का बसत नव्हते?

अडचण इंधन फवारण्याच्या पद्धतीत होती. तापलेल्या, दाबलेल्या हवेत तेल घुसवायचे तर त्याहून जास्त दाब हवा. त्यासाठी डिझेल यांनी दाबलेल्या हवेच्या झोतानेच इंधन आत ढकलण्याची पद्धत वापरली. म्हणजे प्रत्येक इंजिनासोबत एक अवजड कॉम्प्रेसर आला. कारखान्यात किंवा जहाजावर तो चालून जाई. गाडीत त्याला जागा कुठून मिळणार? १९०८ च्या सुमारास डिझेल यांनी लहान इंजिनासाठी आणि ट्रकसाठी खटपट केली, पण ती बाजारात उतरण्याजोगी झाली नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री काय घडले?

इंग्लंडमधील डिझेल इंजिन कंपनीच्या बैठकीसाठी ते बेल्जियममधील अँटवर्प येथून ‘ड्रेस्डेन’ या बोटीने निघाले. सोबतच्या मंडळींसह जेवण झाले. सकाळी सव्वासहाला उठवण्याची सूचना देऊन रात्री दहाच्या सुमारास ते केबिनमध्ये गेले. सकाळी केबिन रिकामी होती. अंथरुणावर कोणी झोपल्याची खूण नव्हती. त्यांची टोपी आणि ओव्हरकोट डेकच्या कठड्याजवळ नीट ठेवलेले आढळले. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात मृतदेह दिसला. खिशातील वस्तू काढून घेऊन त्यांनी तो पुन्हा समुद्रार्पण केला. त्या वस्तू आपल्या वडिलांच्याच असल्याचे धाकटा मुलगा ऑयगेन याने ओळखले.

निघण्यापूर्वी त्यांनी पत्नी मार्था यांच्याकडे एक बॅग दिली होती आणि ती आठवडाभर उघडू नये, असे बजावले होते. बॅगेत २० हजार मार्क रोख आणि बँकेतील खाती जवळपास रिकामी झाल्याचे दाखवणारी कागदपत्रे निघाली. रोजनिशीत २९ सप्टेंबरच्या तारखेवर फुलीची खूण होती. त्यामुळे बहुतेक चरित्रकार आत्महत्येकडे झुकतात. तेलसम्राटांनी किंवा जर्मन हेरांनी घातपात केल्याच्या वावड्याही उठल्या, पण त्यांना ठोस पुरावा मिळाला नाही.

मग छोट्या गाडीपर्यंत ते पोहोचले कसे?

बेन्झ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये मुख्य सिलिंडरला जोडलेल्या लहानशा कप्प्यात इंधन पेटवण्याची युक्ती शोधली. अवजड कॉम्प्रेसर टाळण्याचा मार्ग त्यातून खुला झाला. १९२० च्या दशकात जर्मन कंपन्यांनी डिझेल ट्रक रस्त्यावर आणले. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंधन फवारणाऱ्या पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि वाट मोकळी झाली.

महाराष्ट्रात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ मध्ये पुण्यात झाली आणि विहिरीवरचे डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले. २००५ मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ ही छोटी मालवाहू गाडी आणली. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले. तिच्यात ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे, अवघ्या १६ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. लहान कारागिराचे स्वस्त यंत्र ही डिझेल यांची कल्पना एका गाडीच्या मालकाच्या दारात उभी राहिली, तेव्हा त्यांच्या मृत्यूला नव्वद वर्षे उलटून गेली होती.

आज पिकअपसाठी डिझेल निवडावे का?

डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरही चांगली ओढ देते. भरलेली गाडी चढावर उचलताना ते जाणवते. अ‍ॅव्हरेजही चांगले मिळते, कारण इंजिनाची कार्यक्षमता जास्त असते आणि एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाही जास्त असते. मात्र वाढीव दाब पेलणारे मजबूत भाग, पंप आणि नोझल यांमुळे इंजिन जड व महाग होते.

दुसरी बाजू धुराची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. धूर गाळणाऱ्या यंत्रणेचा खर्च छोट्या डिझेल इंजिनाला जड जाऊ लागला आणि छोट्या मालवाहू गाड्यांत पेट्रोल, सीएनजी व विजेचे पर्याय वाढले.

त्यामुळे निवड आता कामावर ठरते. रोजचे अंतर मोठे, भार पूर्ण आणि वाटेत घाट असेल तर डिझेलचे पारडे अजूनही जड आहे. शहरात थोड्या अंतराच्या फेऱ्या असतील आणि जवळ पंप असेल तर सीएनजीचा हिशेब बसतो. गाडीची किंमत, हप्ता, देखभाल आणि महिन्याचे किलोमीटर एकत्र मांडूनच ठरवावे लागते. इंधनाच्या प्रत्येक थेंबातून किती काम निघते, हा रुडॉल्फ डिझेल यांचा प्रश्न मात्र पिकअपच्या मालकाला आजही रोज सोडवावा लागतो.