काचेचा महाल बांधणारा माळी

मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट होता. बिल्डिंगची मॉडेल फाइल सॉफ्टवेअरला द्यायची आणि त्याने भिंतीचं एकेक पॅनेल ओळखून कारखान्यातल्या मशीनसाठी कटिंगची यादी काढायची. पहिल्या रनला यादी छान आली, पण एकाही पॅनेलला खिडकीच नाही! मॉडेलमध्ये आम्ही खिडक्यांना जे नाव दिलं होतं, ते सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नव्हतंच. त्याला ते कळलं नाही, म्हणून त्याने सरळ अख्खी भिंत कापायला सांगितली. सर हसले आणि म्हणाले, की हेच काम कॉम्प्युटर नसताना एका माळ्याने करून दाखवलंय, त्याचं चरित्र वाचा. तो माळी म्हणजे जोसेफ पॅक्स्टन.

पॅक्स्टनचा जन्म १८०३ चा, इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यातला. घर शेतकऱ्याचं आणि भावंडं भरपूर. कॉलेजचं शिक्षण नाही, डिग्री तर नाहीच. लहान वयात बागेत कामाला लागला. १८२३ मध्ये लंडनजवळ चिझिक इथल्या हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत नोकरी मिळाली, ती म्हणे वय दोन वर्षं वाढवून सांगून! शेजारीच डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकचा बंगला होता. ड्यूकला हा मुलगा आवडला आणि त्याने १८२६ मध्ये त्याला आपल्या चॅट्सवर्थ या इस्टेटीचा मुख्य माळी केलं. वय फक्त २२. पहिल्या दिवशी तो पहाटे साडेचारला पोचला, गेट बंद म्हणून कंपाउंडवरून चढून आत गेला, बाग फिरून पाहिली, सहा वाजता माणसांना कामाला लावलं, आणि मग नाश्त्याला गेला तिथे हाउसकीपरची भाची सारा भेटली. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. हॉस्टेलमध्ये आठच्या लेक्चरला पावणेआठला उठणाऱ्या आपण सर्वांनी याची नोंद घ्यावी.

चॅट्सवर्थला त्याने झाडांसाठी काचेची घरं बांधली. पण काचेच्या घराला हजारो फुटांच्या लाकडी पट्ट्या लागतात आणि त्यांना खाचा पाडायच्या असतात. हाताने करत बसलो तर आयुष्य जाईल, म्हणून त्याने पट्ट्या कापणारं मशीनच तयार करून घेतलं. इथेच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की आधी एक तुकडा नीट ठरवायचा आणि मग तोच मशीनकडून हजार वेळा करून घ्यायचा.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठं प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी २०० हून जास्त डिझाइन आले, पण एकही पसंत पडलं नाही. मग कमिटीने स्वतःच एक विटांची अवाढव्य इमारत सुचवली. ती वेळेत उभी राहणं कठीण होतं आणि लोकही तिच्यावर चिडले होते. ११ जून १८५० ला डर्बीमध्ये मिडलंड रेल्वेची मीटिंग चालू असताना पॅक्स्टनने टीपकागदावर एक स्केच काढलं. थोड्याच दिवसांत पूर्ण प्लॅन तयार होता.

आता खरी गंमत पाहा. त्याने सुरुवात काचेपासून केली. एक काच ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद. दोन्ही बाजूंनी उतरत्या ठेवलेल्या अशा काचांनी छपराची ८ फुटांची एक घडी होते. तीन घड्या मिळून २४ फूट. खांब २४ फुटांवर, आणि बाकी सगळं २४ च्या पटीत. खांबांचा बाहेरचा व्यास सगळीकडे ८ इंच. वजन जास्त तिथे जाडी आतून वाढवलेली, त्यामुळे जोड कुठेही तसाच बसतो. पोकळ खांबांतूनच छपरावरचं पाणी खाली जायचं.

पण स्केच कारखान्याला कळत नाही! ते कळवण्याचं काम फॉक्स-हेंडरसन कंपनीच्या चार्ल्स फॉक्सने केलं. रोज १८ तास, सात आठवडे बसून त्याने एकेका भागाचं ड्रॉइंग काढलं. लोखंड ओतणाऱ्याला पूर्ण महाल बघायची गरज नव्हती, त्याच्या तुकड्याचं माप पुरेसं होतं. मला वाटतं, आमच्या प्रोजेक्टमध्ये हीच जागा आम्ही गाळली होती. पॅक्स्टन सगळ्यांना माहीत असतो, फॉक्स कोणाला माहीत नसतो.

जुलैअखेर जागा ताब्यात आली. सप्टेंबरमध्ये पहिला खांब उभा राहिला. पन्हळींवर चाकं टेकवून चालणाऱ्या गाड्यांत बसून ८० माणसांनी एका आठवड्यात १८ हजारांहून जास्त काचा बसवल्या. हा डोलारा कोसळणार असं बरेच जाणकार सांगत होते. म्हणून गॅलरीवरून सैनिकांना कवायत करायला लावून ताकद तपासली. १ मे १८५१ ला १८४८ फूट लांबीचा क्रिस्टल पॅलेस उघडला. साडेपाच महिन्यांत तिथे ६० लाख भेटी झाल्या. माळ्याचा ‘सर जोसेफ’ झाला, फॉक्सलाही ‘सर’ मिळालं.

प्रदर्शन संपल्यावर सुटे भाग काढून महाल सिडनहॅमला मोठा करून पुन्हा उभारला, १८५४ मध्ये. पॅक्स्टन पुढे खासदारही झाला आणि ८ जून १८६५ ला सिडनहॅमलाच वारला. महाल १९३६ च्या आगीत जळून गेला.

आपल्याशी नातं? क्रिस्टल पॅलेसच्या कामात रोलंड ऑर्डिश नावाचा इंजिनिअर होता. पुढे त्याने डिझाइन केलेल्या इमारतीचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये बनून बोटीने मुंबईला आला आणि काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेल उभं राहिलं. मुंबईला गेलात तर एकदा बघून या.

आमचं म्हणाल तर, आम्ही एक तक्ता केला. मॉडेलमधलं प्रत्येक नाव डावीकडे, मशीनला कळणारं नाव उजवीकडे. दोन रात्री गेल्या, कंटाळा आला, भांडणंही झाली. तिसऱ्या दिवशी यादीत खिडक्या आल्या! आणि त्या दिवशी मेसची भाजीसुद्धा गोड लागली.