धर्मांतरामुळे ज्याची शाळा ओस पडली, तोच मिशनरी पुढे मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला

गिरगाव चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची दगडी इमारत मुंबईकरांना वेगळी दाखवायला लागत नाही. ही इमारत १८८९ सालची. पण ज्यांचं नाव कॉलेजला आहे, त्या डॉ. जॉन विल्सन यांनी ती कधीच पाहिली नाही. त्याआधी १४ वर्षं, १८७५ साली, मुंबईतच त्यांचं निधन झालं होतं.

विल्सन हे स्कॉटलंडचे. १८०४ साली लॉडर नावाच्या लहानशा गावात जन्म, एडिनबर्गला शिक्षण. १८२९ मध्ये पत्नी मार्गारेट यांच्यासोबत ते मुंबईत उतरले आणि पहिलं काम काय केलं, तर मराठी शिकायला कोकणात गेले. बाणकोट आणि हर्णैला स्कॉटिश मिशनचं काम आधीपासून होतं, तिथे राहून त्यांनी भाषा अंगवळणी पाडली.

मुंबईत परतल्यावर दोघांनी शाळा काढायला सुरुवात केली. मुलींना शिकवणं लोकांना पटत नव्हतं, त्या काळात मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. १८३५ साली त्या गेल्या. १८३२ साली विल्सन यांनी मुलांसाठी इंग्रजी शाळा काढली होती. पुढे गिरगावातल्या आंबरोली भागात नावारूपाला आलेली ही शाळा म्हणजेच आजच्या विल्सन कॉलेजचं मूळ.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विल्सन यांना लोकांना ख्रिस्ती करायचं होतं आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. ते हिंदू, पारशी, मुसलमान विद्वानांशी जाहीर वाद घालायचे. मोरभट दांडेकरांशी झालेला त्यांचा वाद तेव्हा गाजला होता. शाळेत बायबलचा तासही असायचा. तरीही इंग्रजी आणि विज्ञान चांगलं शिकवतात म्हणून पालक मुलांना तिथे धाडत होते. मुलगा शिकेल, पण बाटणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

१८३९ साली हा हिशेब चुकला.

धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या विशीही न गाठलेल्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी विल्सन यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज हादरला. मुलांचा ताबा मिळावा म्हणून नातेवाईक सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा जाणता आहे, त्याला हवं तिथे तो जाऊ शकतो, असा निर्णय दिला.

विल्सन खटला जिंकले, पण वर्ग रिकामे झाले. पारशी पालकांनी मुलं काढून घेतली, इतरांनीही तोच मार्ग धरला. शाळा टिकवायची तर यापुढे विद्यार्थ्यांना बाप्तिस्मा देणार नाही, असं सांगणं एवढाच सोपा उपाय होता. विल्सन यांनी तो केला नाही. उरलेल्या मुलांना घेऊन शाळा चालू ठेवली आणि हळूहळू पट पुन्हा वाढला.

चारच वर्षांनी, म्हणजे १८४३ साली, दोन धक्के एकदम बसले. विल्सन तेव्हा रजेवर परदेशात होते. मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन आणि त्यांचे सहकारी बाहेर पडलेल्या फ्री चर्चकडे गेले. शाळेसाठी आंबरोलीला बांधलेली नवी इमारत मात्र जुन्या चर्चच्या मालकीची, त्यामुळे ती सोडावी लागली.

त्याच वर्षी शाळेशी जोडलेले नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा लहान भाऊ श्रीपत याला मात्र अजाण ठरवून कोर्टाने आईवडिलांच्या स्वाधीन केलं. या मुलाला शुद्ध करून परत हिंदू धर्मात घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. मिशनच्या शाळेतल्या एका मुलाने सगळं मराठी समाजजीवन ढवळून काढलं होतं.

मग असा माणूस सगळ्या धर्मांच्या विद्यापीठाचा प्रमुख कसा झाला?

याचं उत्तर विद्यापीठाच्या रचनेत आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने दोन गोष्टी ठरवल्या. खासगी शाळांना, मग त्या मिशनच्या का असेनात, सरकारी अनुदान मिळू शकेल. आणि नव्या विद्यापीठांच्या परीक्षेत धर्म हा विषय नसेल. १८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ स्वतः शिकवत नव्हतं. शिकवायचं काम कॉलेजांचं, तर परीक्षा आणि पदव्या हे काम विद्यापीठाचं. त्यामुळे मिशनच्या कॉलेजात बायबल शिकवायला आडकाठी नव्हती, पण पदवीसाठी ते उपयोगाचं नव्हतं.

विल्सन विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक होते. नियम ठरवणं, अभ्यासक्रम आखणं, परीक्षा घेणं, या कामात त्यांच्या भाषाज्ञानाचा उपयोग झाला. गिरनारच्या अशोककालीन लेखाची प्रत त्यांनीच कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पोहोचवली होती आणि पारशी धर्मावर ग्रंथही लिहिला होता. त्यांचे निष्कर्ष पारशांना मान्य नव्हते, पण मूळ ग्रंथ वाचल्याशिवाय ते बोलत नाहीत हे विरोधकांनाही माहीत होतं.

१८६८ साली ते कुलगुरू झाले. हे पद तेव्हा बिनपगारी होतं. कुलपती म्हणजे गव्हर्नर, आणि कुलगुरू आपला मूळ व्यवसाय सांभाळून काम बघायचे. विल्सन यांचा मूळ व्यवसाय धर्मप्रचाराचा, आणि तो त्यांनी सोडला नाही. १८७० मध्ये ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मॉडरेटर, म्हणजे महासभेचे अध्यक्षही झाले.

धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांच्याशी तेव्हाचा समाज भांडला आणि त्या भांडणाला कारणंही होती. पण विश्वास शाळेत आणि परीक्षा विद्यापीठात, ही विभागणी त्यांनी मान्य केली आणि त्याच चौकटीत आयुष्यभर काम केलं. ज्या समाजांनी १८३९ साली आपली मुलं त्यांच्या शाळेतून काढून नेली, त्याच समाजांतली मुलं पुढच्या काळात त्यांच्या नावाच्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडली.