कायदेपंडित ते कृपेचा सेवक : संत आल्फोन्स लिगोरी



उपवासकाळात आपण क्रुसाची वाट करतो. त्या वेळी जगातील असंख्य चर्चमध्ये संत आल्फोन्स लिगोरी यांनी रचलेल्या प्रार्थना म्हटल्या जातात. हे संत मुळात वकील होते. नियमांची ताकद त्यांना ठाऊक होती आणि नियमांची मर्यादाही.

२७ सप्टेंबर १६९६ रोजी इटलीतील नेपल्सजवळ मारियानेल्ला येथे त्यांचा जन्म झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी ते दिवाणी कायदा आणि ख्रिस्तसभेचा कायदा या दोन्हींत डॉक्टर झाले. १७२३ साली मात्र जमीनदारीच्या एका मोठ्या खटल्यात त्यांची हार झाली. एका कागदाचा अर्थ लावण्यात त्यांची चूक झाली, असे जुने चरित्रकार सांगतात. त्यांनी वकिली सोडली, पवित्र मरियेच्या वेदीपुढे आपली तलवार ठेवली आणि १७२६ साली गुरुदीक्षा घेतली.

त्या काळी युरोपात यान्सेनपंथी विचारांचा मोठा प्रभाव होता. माणूस पुरेसा लायक झाल्याशिवाय त्याने ख्रिस्तशरीर स्वीकारू नये, धर्मगुरूनेही पापक्षमा लांबणीवर टाकावी, अशी ती कडक शिकवण होती. खुद्द आल्फोन्स यांनाही अशाच कडक विचारांची पुस्तके शिकवली गेली होती. त्यामुळे लोक सुधारले नाहीत, तर घाबरून साक्रामेंतांपासून दूर राहिले.

१७३० साली प्रकृती सुधारावी म्हणून आल्फोन्स डोंगरातील स्काला गावी गेले. तिथल्या शेळ्या राखणाऱ्या गरिबांना प्रभूच्या प्रेमाची ओळखच नव्हती. त्यांच्यासाठी १७३२ साली त्यांनी रिडेम्प्टोरिस्ट संघ स्थापन केला. खेडोपाडी पापनिवेदन ऐकताना त्यांचे मन बदलत गेले. पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू हा न्यायाधीश आहे, पण त्याआधी तो पिता आणि वैद्य आहे, हे त्यांना उमगले. १७४८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात त्यांनी पापाला पाप म्हणायचे सोडले नाही; मात्र देवाने जे ओझे लादलेले नाही, ते माणसाने दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवू नये, अशी त्यांची भूमिका होती.

१७६२ साली ते सांत आगाता येथे बिशप झाले. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी आपली घोडागाडी विकून भुकेल्यांना अन्न दिले. पुढे सांधेदुखीने मान इतकी वाकली की हनुवटी छातीला टेकली. १७७५ साली ते पदावरून निवृत्त झाले.

अखेरची वर्षे फार कठीण गेली. त्यांच्या दृष्टीने साथ सोडली होती. अशा अवस्थेत सहकाऱ्यांनी बदललेल्या नियमावलीवर त्यांची सही घेतली. त्यातून वाद झाला आणि १७८० साली पोप सहावे पायस यांनी फक्त पोपच्या राज्यातील मठांना मान्यता दिली. स्वतः स्थापन केलेल्या संघातून संस्थापकच बाहेर पडले! शिवाय आपल्या पापांविषयीच्या शंकांनी त्यांना घेरले. इतरांना दयेची खात्री देणारा हा वृद्ध स्वतःच रात्रंदिवस भीतीने तळमळत होता. ती भीती त्यांनी युक्तिवादाने जिंकली नाही. आपल्या पापनिवेदक धर्मगुरूचा शब्द मानून त्यांनी स्वतःला प्रभूच्या हाती सोपवले. १ ऑगस्ट १७८७ रोजी पागानी येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते शांतपणे प्रभूकडे गेले. १७९६ साली त्याच पोपनी त्यांना वंदनीय घोषित केले, तर १८३९ साली ते संत झाले.

आपल्यातले काही जण मिस्सा, उपवास, नोव्हेना यांचा हिशेब ठेवतात आणि देव आपला देणेकरी आहे असे समजतात. काही जण आपण लायक नाही म्हणून वर्षानुवर्षे पापनिवेदनाला येत नाहीत. दोघेही स्वतःकडेच पाहतात, क्रुसाकडे नाही. नियम आपल्याला वाट दाखवतात, पण चालण्याचे बळ कृपाच देते. आणि कृपा कमवायची नसते, हात पसरून घ्यायची असते.

फार दिवसांत पापनिवेदनाला आला नसाल, तर या. प्रभू वाट पाहत आहे.

– तुमचा धर्मगुरू