भेट मिळालेले एक पुस्तक



गगनबावड्याहून घाट उतरला की आपण सिंधुदुर्ग जिल्ह्यात पोहोचतो. याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळ केळूस नावाचे गाव आहे. तेथे १८६० साली जन्मलेले कृष्णराव अर्जुन केळुसकर पुढे मुंबईच्या विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. त्यांनी एका मुलाला दिलेल्या पुस्तकाची ही हकिकत. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. आई लहानपणीच वारली. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण तेही दार बंद होते. म्हणून त्यांनी फारसी घेतली.

घर म्हणजे परळच्या चाळीतील एक खोली. वडील रामजी सुभेदार यांचे पेन्शन तुटपुंजे. तरीही मुलाने पुस्तक मागितले की ते लेकींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवत आणि पुस्तक विकत घेत. पेन्शन मिळाले की दागिना सोडवून परत करीत.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. केळुसकर गुरुजीही तेथे येत. रोज पुस्तकात डोके घालून बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी विचारपूस केली. जात कळल्यावरही ते दूर झाले नाहीत. उलट ते त्याला स्वतःजवळची पुस्तके वाचायला देऊ लागले. पुढे भीमरावांच्या परीक्षेतील यशाबद्दल सत्कारसभा झाली. तेथे गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले.

गुरुजी एवढ्यावर थांबले नाहीत. पैशांअभावी कॉलेजचे शिक्षण अडणार असे दिसताच ते भीमरावांना बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्याकडे घेऊन गेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनीही त्यांना पुस्तके व कपडे दिले.

१९१३ साली भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तेथे सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. १९१७ साली परतताना सामान वेगळ्या जहाजाने पाठवले. महायुद्ध चालू होते. ते जहाज बुडवले गेले आणि बरीच पुस्तके समुद्रात गेली. तरीही त्यांनी पुन्हा पुस्तके जमवायला सुरुवात केली.

मार्च १९२० मध्ये आपल्याच कोल्हापूर परिसरातील माणगाव येथे परिषद भरली. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे बाबासाहेबांचे नेतृत्व लोकांपुढे ठेवले. त्याच वर्षी अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून ते ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचत. पुढे दादरला त्यांनी राजगृह बांधले, ते ग्रंथसंग्रहाचा विचार करूनच. १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते अशा मुलांनाही उच्च शिक्षणाची वाट मिळाली.

केळुसकर गुरुजी १९३४ साली वारले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला, तो सोहळा पाहायला ते नव्हते. परंतु आयुष्याच्या अखेरीस बुद्धावरील आपल्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिताना बाबासाहेबांनी गुरुजींची आणि त्या भेटीची आठवण नोंदवली. बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना त्यांनी सुरुवात त्या पुस्तकापासूनच केली. मधे जवळजवळ अर्धे शतक गेले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

गुरुजींनी पुस्तक दिले तेव्हा हा मुलगा देशाची घटना घडवील हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना फक्त वाचनाची भूक दिसली होती. आपल्या भागात पावसाळा लांबतो, मुले दिवसचे दिवस घरात असतात. आपल्या कपाटात पडून असलेले गोष्टीचे एखादे पुस्तक शेजारच्या मुलाला देऊन टाकू या. परत मागू नये. त्याचे पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही, पण ते त्या मुलाच्या हातात तरी पोहोचायला हवे.